पणजीच्या मळ्यात भाड्याने राहायला येताय? आधी गाडीची जागा बघा, मग घर

मी वेंगुर्ल्याहून पणजीला बदलून आलो तेव्हा घर दोन दिवसांत मिळालं, गाडीला जागा मिळायला मात्र पाच महिने लागले. मळा नावाच्या जुन्या वस्तीतलं घर पाहायला गेलो ती वेळ दुपारी अडीचची होती. गल्ली मोकळी, दुकानं बंद, भिंतीच्या सावलीत एक मांजर झोपलेलं. मालकीणबाई म्हणाल्या, ‘गाडी हांगाच लाय, कोण कांयच म्हणचो ना.’ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता सामान घेऊन पोचलो, तर त्याच गल्लीत स्कूटर उभी करायलासुद्धा जागा नव्हती. टेम्पोवाल्याने सामान खाडीच्या बाजूच्या रस्त्यावर उतरवलं आणि आम्ही कपाट हातांवर घेऊन गल्लीत आलो.

सिंधुदुर्ग, बेळगाव, कोल्हापूर, पुण्याहून नोकरीसाठी येऊन पणजीच्या जुन्या वस्तीत, म्हणजे मळा, फोंताइन्हास, भाटले, सांतिनेज या भागांत घर शोधणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. ताळगाव किंवा पर्वरीच्या नव्या संकुलात जाणाऱ्यांना इमारतीखाली पार्किंग मिळतं, त्यांनी गाडीचा भाग सोडून बाकीचं वाचलं तरी चालेल. जुन्या वस्तीतली घरं मात्र मोटारी नव्हत्या तेव्हाची आहेत, आणि गल्ल्या माणसांच्या चालण्याच्या मापाने आखलेल्या आहेत. इथे राहण्याचं सुख मोठं आहे, पण ते मिळवायला गाडीचा हिशोब आधी मांडावा लागतो.

1. घर एकदा बघून ठरवू नका

गोव्यात दुपारी एक ते साडेतीन-चार ही विश्रांतीची वेळ असते. दुकानं बंद होतात, रस्ते रिकामे होतात. घर दाखवणारे एजंट नेमके त्याच वेळी बोलावतात, कारण त्यांनाही तीच वेळ मोकळी असते. त्या वेळी दिसणारी गल्ली खरी गल्ली नव्हे.

दुसरी फेरी रात्री नऊनंतर मारा. सगळे घरी आलेले असतात, तेव्हा किती गाड्या कुठे लागतात ते कळतं. फोंताइन्हास किंवा 31 जानेवारी मार्गाच्या आसपास घर घेणार असाल तर तिसरी फेरी रविवारी सकाळी मारा. रंगीत घरांसमोर फोटो काढायला आलेले पर्यटक आणि त्यांच्या भाड्याच्या स्कूटर (काळी पाटी, पिवळी अक्षरं) यांनी कोपरा न् कोपरा भरलेला असतो.

जाताना मोजपट्टी खिशात ठेवा. लहान मोटारसुद्धा आरशापासून आरशापर्यंत दोन मीटरच्या आसपास भरते. गल्ली तीन मीटरपेक्षा अरुंद असेल तर तिथे गाडी उभी केल्यावर ना तुमचं दार नीट उघडणार, ना दुसऱ्याची स्कूटर सुखाने जाणार. अशा गल्लीत ‘पार्किंग आहे’ असं कोणी म्हणालं तर त्याचा अर्थ ‘दुचाकी लावता येईल’ एवढाच घ्या.

मालकाला हे सरळ विचारा:

- गाडी लावायची ती जागा तुमच्या आवारातली आहे की सार्वजनिक रस्त्याची?
- घरातल्या इतर भाडेकरूंच्या गाड्या किती?
- आधीचा भाडेकरू गाडी कुठे लावत होता? शक्य असेल तर त्याचा नंबर घ्या आणि त्यालाच विचारा.

जागा आवारातली असेल तर करारात लिहून घ्या, ‘फाटकाच्या आत डाव्या बाजूला एका चारचाकीची जागा’ इतक्या स्पष्ट शब्दांत. तोंडी कबुलीवर भांडणं होतात, मी दोन शेजाऱ्यांची पाहिली आहेत.

घरापुढचा रस्ता घरमालकाच्या मालकीचा नसतो. समोर कुंड्या, ड्रम किंवा दगड ठेवून कोणी जागा अडवली असेल तरी कायद्याने तिला अर्थ नाही. तरीही वर्षानुवर्षं एका दारासमोर एका माणसाची गाडी लागत असेल तर नव्याने येऊन पहिल्याच आठवड्यात तिथे गाडी लावू नका, आधी बोला. वस्ती लहान आहे, सकाळी पावाला ज्याच्या शेजारी उभं राहायचं तो हाच माणूस असतो.

2. पावसात आणि भरतीत घर कसं असेल ते आत्ताच पाहा

मळा सखल आहे. एका बाजूला आल्तिनोची टेकडी, दुसऱ्या बाजूला औरेंची खाडी, आणि खाडी पुढे मांडवीला मिळते. टेकडीवरचं पावसाचं पाणी खाली येतं. खाडीला ओहोटी असेल तर ते निघून जातं, पण मोठी सर नेमकी भरतीच्या वेळी आली तर त्याला जायला वाट राहत नाही आणि ते रस्त्यावर चढतं. सांतिनेजच्या नाल्याकाठीही थोड्याफार फरकाने असंच आहे.

म्हणून तळमजल्याचं घर बघताना भिंतीचा खालचा दोन फुटांचा पट्टा नीट पाहा. तिथला रंग ताजा आणि वरचा जुना असेल तर कारण विचारा. विजेचे प्लग जमिनीलगत आहेत की उंच, तेही पाहा. जुन्या रहिवाशांच्या घरात ते उंच सरकवलेले दिसतील.

भरतीची वेळ काढायचा आमच्या किनाऱ्यावरचा जुना हिशोब इथेही जवळपास लागू पडतो: तिथीची पाऊणपट. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती. थोडा फरक पडतो, पण गाडी हलवायची की नाही हे ठरवायला एवढं पुरतं. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरच्या दोन दिवसांत उधाण असतं. जून-जुलैत उधाणाच्या दिवशी पावसाचा जोर असेल तर मी गाडी रात्रीच आल्तिनोच्या चढावर नेऊन लावतो आणि पायऱ्या उतरून घरी येतो. चढावर लावताना हॅन्डब्रेकवर विसंबू नका, गियर टाका आणि पुढची चाकं रस्त्याच्या कडेकडे वळवून ठेवा.

माडाखाली गाडी कधीच लावू नका. नव्या माणसाला सावली दिसते, जुना माणूस आधी वर बघतो. सुकलेली झावळीसुद्धा काच फोडते, नारळाची तर गोष्टच सोडा.

नळाच्या पाण्याचंही इथेच सांगतो. पणजीला पाणी खांडेपार नदीवरच्या ओपा प्रकल्पातून येतं, म्हणजे लांबून, मोठ्या जलवाहिनीतून. ऑगस्ट 2019मध्ये ती फुटली तेव्हा तिसवाडीत (पणजीचा तालुका) कित्येक दिवस नळ कोरडे होते. बाहेर धो धो पाऊस आणि घरात पिण्याला पाणी नाही, असे ते दिवस. घराला जमिनीखालची टाकी आणि गच्चीवरची टाकी दोन्ही आहेत का, पंपाचं बिल कोण भरतं, हे विचारूनच हो म्हणा.

3. राहण्याची कागदपत्रं

यात फार गुंतागुंत नाही, फक्त क्रम चुकवू नका. आधी भाडेकरार, मग पोलीस पडताळणी, मग बाकी सगळं. जवळ ठेवायची कागदपत्रं अशी:

- आधार, पॅन, पासपोर्ट आकाराचे सहा-आठ फोटो
- नोकरीचं पत्र किंवा ओळखपत्र
- मालकाच्या नावची घरपट्टीची पावती आणि वीजबिल यांच्या प्रती
- सही-साक्षीदारांसह भाडेकरार (बहुतेक ठिकाणी अकरा महिन्यांचा करतात)
- मूळ गावचा पत्ता दाखवणारा पुरावा

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणं सक्तीचं आहे. अर्ज भरून मालकाने द्यायचा असतो, पण मालक टाळाटाळ करत असेल तर तुम्हीच अर्ज आणून त्यांच्यासमोर ठेवा आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका. पुढे आधारवरचा पत्ता बदलताना, गॅस जोडणी हलवताना ही पोच आणि करार कामाला येतात. मतदार यादीतलं नाव हलवायला आठ नंबरचा फॉर्म लागतो.

काही जण पहिल्याच महिन्यात मामलेदार कचेरीत रहिवासी दाखला मागायला जातात. तो दाखला गोव्यात 15 वर्षं राहिल्याशिवाय मिळत नाही. नव्याने आलेल्याला पत्त्याचा पुरावा हवा असतो, रहिवासी दाखला नव्हे. हे दोन शब्द एकच समजून एक दिवस वाया जातो, माझा गेला आहे.

अर्ज मराठीत लिहायला संकोच करू नका. 1987च्या राजभाषा कायद्यात कोंकणी राजभाषा आहे आणि सरकारी कामासाठी मराठीही मान्य आहे.

4. गाडीची कागदपत्रं

महाराष्ट्र किंवा कर्नाटकाच्या पाटीची गाडी आणली तर लगेच काही बिघडत नाही. मात्र ती 12 महिन्यांहून जास्त काळ गोव्यात राहणार असेल तर मोटार वाहन कायद्याच्या 47व्या कलमाप्रमाणे इथे नोंदवून नवा क्रमांक घ्यावा लागतो. पणजीच्या पाटीवर जीए-07 दिसेल. त्यासाठी:

- मूळ आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र (फॉर्म 28). गावी गेलात की आधी हेच काम करा, इथे बसून ते मागवायला वेळ लागतो.
- नव्या क्रमांकाचा अर्ज (फॉर्म 27)
- आरसी, विमा, पीयूसी, इथल्या पत्त्याचा पुरावा
- कर्जावर गाडी असेल तर बँकेचं ना हरकत पत्र

इथला रस्ता कर भरावा लागतो. मूळ राज्यात एकरकमी भरलेल्या करातला उरलेल्या काळाचा भाग परत मागता येतो, त्यासाठी जुन्या पावत्या फेकू नका.

5. रोजची गाडी कुठे लावायची

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश सांगतो.

पहिला पर्याय, आणि माझ्या मते सगळ्यात चांगला: आवार भाड्याने घेणं. मळ्यात, भाटल्यात अशी कितीतरी जुनी घरं आहेत जिथे वयस्कर जोडपं राहतं, मुलं परदेशात आहेत आणि अंगण रिकामं आहे. याची जाहिरात कुठे नसते. किराणा दुकानदाराला, पोदेराला (पाववाल्याला), इस्त्रीवाल्याला सांगून ठेवा. माझी जागा पाच महिन्यांनी इस्त्रीवाल्यानेच मिळवून दिली. महिन्याचे पैसे ठरवताना फाटकाची चावी, रात्री उशिरा येण्याची मुभा आणि पाहुण्यांची गाडी, हे तिन्ही आधीच बोलून घ्या.

दुसरा पर्याय, पाटोवरचा बहुमजली पार्किंग तळ. मळ्यातून चालत गाठता येतो. छप्पर आहे, पावसाळ्यात त्याचं मोल कळतं. आठवड्यातून दोनदाच मोटार काढणाऱ्याला तो परवडतो. रोज ऑफिसला नेणाऱ्याने महिन्याचा हिशोब मांडून बघावा.

तिसरा, आल्तिनोचे रस्ते. वर जागा मिळते, पण सरकारी निवासस्थानांच्या फाटकांपुढे आणि वळणांवर लावू नका. वयस्कर माणसं घरात असतील तर पायऱ्यांचा विचार करा.

चौथा, सशुल्क पार्किंगचे रस्ते. बाजार आणि 18 जून मार्गाच्या बाजूला जाताना हाच उपयोगी. दर फलकावर वाचा आणि पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. राहत्या गाडीसाठी हा पर्याय नव्हे.

आता सापळे. फलक दिसत नाही म्हणजे परवानगी आहे असं नाही. वळणावर, फुटपाथवर, बसथांब्यावर, कोणाच्या फाटकासमोर, उभ्या गाडीच्या बाजूला दुसरी गाडी लावणं, हे फलक नसतानाही चुकीचंच. चाकाला क्लॅम्प लागतो किंवा चलान येतं. सुधारित दंड गोव्यात 1 एप्रिल 2022पासून लागू झाले, आणि चुकीच्या पार्किंगला पहिल्या वेळी 500 रुपये, पुन्हा केलंत तर 1500. चलान मोबाइलवर येतं, म्हणून आरसीला जोडलेला नंबर चालू आहे का ते परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर तपासा. माझा जुना नंबर जोडलेला होता, आणि तीन चलानं मला विमा काढताना कळली.

शहराचं पंचांगही पाठ करा. 20 नोव्हेंबरपासून इफ्फी हा चित्रपट महोत्सव, तेव्हा कांपालची बाजू विसरा. 8 डिसेंबरला चर्चचं फेस्त (सण), त्याआधी नऊ दिवस नोव्हेनाच्या प्रार्थना. मळ्यातल्या मारुतीची जत्रा हिवाळ्याच्या शेवटी, तेव्हा दुकानं थेट रस्त्याकडेला लागतात आणि आतल्या गाड्या आतच अडकतात. पुढे कार्निव्हल, शिमग्याची मिरवणूक, श्रावणात अष्टमीची फेरी (जत्रेसारखा बाजार). शिवाय दर शुक्रवारी-शनिवारी रात्री मांडवीकाठच्या कॅसिनोंमुळे बांदोडकर मार्गावर गाड्यांची रांग लागते. अशा रात्री बाहेरून येणार असाल तर पाटोच्या बाजूने शिरा.

6. जमेल तिथे गाडी घरी ठेवा

पणजी लहान आहे. मळ्यातून बाजार, चर्च, पाटो, मध्यवर्ती ग्रंथालय, कदंब बसस्थानक, सगळं पायी होतं. मडगाव, म्हापसा, वास्कोला जायला कदंबच्या थेट शटल बस आहेत. तिकीट स्थानकावरच्या खिडकीतून घ्यायचं आणि रांगेत चढायचं. वेंगुर्ला, सावंतवाडीकडच्या एसटीही याच स्थानकातून सुटतात.

पिवळ्या-काळ्या दुचाकीवरून प्रवासी नेणाऱ्याला इथे पायलट म्हणतात. घाईच्या वेळी याच्याइतकं सोयीचं काही नाही. बसण्याआधी भाडं ठरवा.

मांडवीपलीकडे बेतीला फेरीबोट जाते, पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. पर्वरीच्या बाजूला काम असलेले कितीतरी लोक एक स्कूटर बेतीला ठेवतात आणि रोज बोटीने ये-जा करतात. पूल तुंबलेला असताना तुम्हाला हे सुचेल, त्याआधीच करून बघा.

स्कूटरवाल्यांनो, 2019मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूवर, म्हणजे मांडवीवरच्या सगळ्यात उंच पुलावर, दुचाकी आणि तीनचाकी नेता येत नाही. म्हापशाहून येताना नकाशा तिकडे वळवतो. खालच्या जुन्या पुलाची मार्गिका धरा.

7. बाजार, पाव, मासळी, कचरा

सकाळी आणि संध्याकाळी पों-पों भोंगा ऐकू आला की पोदेर आला. सायकलवरच्या टोपलीत पाव, उंडो, काकणं आणि पोळी. ही पोळी म्हणजे आपली चपाती नव्हे, कोंडा लावलेला पोकळ पाव. भोंगा ऐकून पायऱ्या उतरेपर्यंत तो पुढे गेलेला असतो, म्हणून दाराच्या कडीला पिशवी अडकवून महिन्याचं ठरवून टाका.

मासळीला बाजारात सकाळी लवकर आणि पायी जा. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलरना बंदी असते, तेव्हा समुद्राची मासळी महागते, आणि खाडीचे शेवटे, तिसऱ्या, खेकडे यांवर भागवावं लागतं. इथली घरं मे महिन्यातच पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी करतात: सुके बांगडे, सुकी सुंगटं, कोकम, मिरची, मीठ. तुम्हीही करा. भाजीसाठी फलोत्पादन महामंडळाचे गाडे शोधून ठेवा, तिथे भाजी स्वस्त असते.

कचरा महापालिकेचे कर्मचारी दारातून नेतात, पण वेगळा केलेलाच. ओला एका डब्यात, सुका धुऊन-पुसून प्रकाराप्रमाणे. सगळं एका काळ्या पिशवीत भरून ठेवलंत तर ते तिथेच राहील. मासळीची खवलं-डोकी सकाळपर्यंत फ्रीजरमध्ये ठेवा, नाहीतर रात्रीत मांजरं पिशवी फाडतात.

8. शेजारच्या दाराशी ओळख

पहिल्या पावसाळ्यातली एक रात्र सांगतो. मी मोटार गल्लीच्या तोंडाशी, ‘रात्रीपुरती’ म्हणून लावली होती. दोनच्या सुमारास दार वाजलं. पलीकडच्या आजींना श्वास घेता येत नव्हता आणि 108ची रुग्णवाहिका माझ्या गाडीमुळे आत येत नव्हती. शेजाऱ्यांना गाडी कोणाची हे कळायलाच दहा मिनिटं गेली, कारण मी कोणाशी बोललोच नव्हतो. आजी वाचल्या. त्यांच्या मुलाने मला एक शब्दही सुनावला नाही, एवढंच म्हणाला, ‘बाबा, गाडी मातशी फाटीं घे रे.’ (जरा मागे घे रे.) ती दहा मिनिटं अजून माझ्या अंगावर येतात.

तेव्हापासून काचेच्या आत नाव, घर आणि मोबाइल नंबर लिहिलेलं पुठ्ठ्याचं कार्ड असतं. गल्लीतल्या चार घरांकडे माझा नंबर आहे. रुग्णवाहिका जाईल एवढी वाट मोकळी आहे की नाही, हे गाडी लावल्यावर मागे वळून बघितल्याशिवाय मी पायऱ्या चढत नाही. आल्या आठवड्यातच तुम्हीही ही चार घरं फिरून या.

चवथीला अर्धी पणजी आपापल्या गावी जाते आणि गल्ल्या मोकळ्या होतात. तुम्हीही जाणार. मोटार इथेच ठेवून जाणार असाल तर चावी शेजारी देऊन जा. आमच्याकडे गणपती अकरा दिवसांचा, अनंत चतुर्दशीला विसर्जन, आणि दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. म्हणजे तुम्ही गावी असताना खाडीला उधाण आलेलं असणार, आणि गाडी आल्तिनोच्या चढावर नेणारं कोणीतरी इथे हवं.